ब्रह्मपुरी ते पन्हाळा : एका दिवसाची चाल

श्रोतेहो, पन्हाळा न पाहिलेला माणूस या सभागृहात बहुधा सापडणार नाही. पण कोल्हापुरातून पायी पन्हाळ्याला गेलेले थोडेच असतील. अंतर सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे पहाटे निघून रमतगमत चालले तरी दिवस मावळण्याच्या आत गड पाहून होतो. १७८२ साली करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली. तिच्या उतरणीची ही वाट आपण उलट चढावी, एवढाच माझा आजचा आग्रह आहे.

सुरुवात ब्रह्मपुरीच्या टेकाडापासून करावी. शिवाजी पुलालगतच्या या टेकाडाच्या उत्खननात सातवाहनकाळातील वस्ती उजेडात आली आणि ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही मिळाली. ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडची वस्तू येथवर आली, यावरून या गावाचे कोकणच्या बंदरांशी आणि घाटवाटांशी असलेले नाते किती जुने आहे ते समजते. त्या घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठीच तर पन्हाळ्याचा डोंगर मोलाचा ठरला.

पूल ओलांडला की वडणगे फाटा, मग केर्ली. रस्ता रत्नागिरीचा, त्यामुळे वाहनांची वर्दळ सोसावी लागते. तरीही हिवाळ्यात गुऱ्हाळे सुरू असतात, तेव्हा चालण्याचे सार्थक होते. चुलवाणावर काहील रटरटत असते, गुळव्या डोळ्यांनीच पाकाचा अंदाज घेतो आणि ओळखदेख नसतानाही कोणीतरी वाटीत कोमट काकवी घालून देतो. उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर बराच वेळ सोबत करतो.

वाघबिळाला रत्नागिरीचा रस्ता सुटतो आणि चढ लागतो. बुधवार पेठ येईपर्यंत पोटऱ्या भरून येतात. गडाच्या तोंडाशी पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाची राजधानी बाराव्या शतकात याच डोंगरावर होती, हे आठवून येथे क्षणभर थांबावे.

वर आल्यावर मी प्रथम अंबरखान्याकडे जातो. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावे आहेत, आणि ती उगाच दिलेली नाहीत. त्यांपैकी गंगा कोठी सुमारे ३५ फूट उंच आहे आणि तीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. बाहेरच्या जिन्याने धान्य छतावर न्यायचे आणि तेथल्या चौकोनी भोकांतून आत ओतायचे, अशी तिची रचना आहे. आतल्या थंडाव्यात उभे राहून मान वर केली की त्या भोकांतून उजेडाचे चौकोनी खांब उतरलेले दिसतात. दिवसभर ज्या शिवारांतून आपण चालत आलो, तशाच शिवारांचे धान्य कधीकाळी या उजेडाच्या वाटेने खाली कोसळत असे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला असताना गड उभा राहिला, त्याचे श्रेय आपण तलवारींना देतो आणि ते योग्यच आहे. तथापि ही कोठारे आणि तीन दरवाजाजवळची तीनमजली अंधारबाव यांचाही त्यात वाटा आहे, असे मला मनापासून वाटते. बावीच्या तळाला पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर पडण्याची चोरवाट आणि वर पहारा : पाण्याची इतकी काळजी घेणारा गड मी दुसरा पाहिलेला नाही.

दिवसाची अखेर सज्जा कोठीत करावी. शिवछत्रपती आणि शंभूराजे यांची अखेरची भेट येथे झाल्याचे सांगतात, त्यामुळे येथे कोणी मोठ्याने बोललेले मला आवडत नाही. ही कोठी पूर्वेच्या कड्यावर आहे. हवा स्वच्छ असली की समोर जोतिबाचा डोंगर, त्याखाली उसाची हिरवी शिवारे, गुऱ्हाळांचे धूर आणि त्यांच्याही पलीकडे, सकाळी आपण निघालो ते कोल्हापूर दिसते.