मिशेल वी : पाच विजेतेपदं आणि एक जुना प्रश्न

मंडळी, गोल्फ आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून एक गोष्ट आधी सांगून टाकतो. मोठी स्पर्धा बहुधा चार दिवसांची. दोन दिवसांनी जवळपास निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात. याला म्हणतात कट. जानेवारी २००४ मध्ये होनोलुलूच्या वायलाए मैदानावर, सोनी ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत, चौदा वर्षांची एक मुलगी उतरली. पहिल्या दिवशी ७२ फटके, दुसऱ्या दिवशी ६८. कट हुकला तो एका फटक्याने. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, त्याआधी कुठल्याही बाईने इतक्या कमी, ६८ फटक्यांत फेरी संपवली नव्हती.

ही मिशेल वी. जन्म होनोलुलूचाच, १९८९ चा. आईवडील दक्षिण कोरियातून आलेले. वडील हवाई विद्यापीठात प्राध्यापक, आई कोरियातली नावाजलेली हौशी गोल्फपटू. पुढे २००६ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेतला कट तिने ओलांडला, तोही कोरियातच, इंचॉनला.

ऑक्टोबर २००५ मध्ये, सोळावं पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना, ती व्यावसायिक झाली. नायके आणि सोनीशी करार. वर्षाला एक कोटी डॉलर, असा आकडा तेव्हा छापून आला होता. व्यावसायिक म्हणून अजून एकही स्पर्धा ती खेळली नव्हती, बरं का!

ती पहिली स्पर्धा कॅलिफोर्नियातल्या बिगहॉर्नला. शनिवारी तिचा चेंडू झुडपात अडकला. अशा वेळी एक फटका दंड घेऊन चेंडू बाहेर टाकता येतो, फक्त तो होलच्या, म्हणजे ज्यात चेंडू घालायचा त्या खड्ड्याच्या, जवळ सरकता कामा नये. तिने अंदाजाने टाकला. एका पत्रकाराला शंका आली, पण त्याने ती अधिकाऱ्यांना सांगितली दुसऱ्या दिवशी. रविवारची फेरी संपल्यावर अधिकारी तिला आणि तिच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडीला पुन्हा त्या झुडपापाशी घेऊन गेले, चक्क दोरी लावून मोजलं. चेंडू साधारण फूटभर पुढे भरला. म्हणजे शनिवारी सही केलेलं स्कोअरकार्ड चुकीचं. स्पर्धेतून बाद, चौथा क्रमांकही गेला. नियम नियमच, मान्य. पण कार्डावर सही होण्याआधी कुणी बोललं असतं तर दोन फटक्यांच्या दंडावर भागलं असतं. मला त्या पत्रकाराचं हे थांबणं आजही खटकतं.

२००७ मध्ये धावताना पडून डावं मनगट मोडलं. तरीही ती खेळत राहिली, आणि गुणफलक बघवत नव्हता. त्याच वर्षी ती स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली, २०१२ मध्ये पदवी घेतली. इतके पैसे खुणावत असताना वर्गात जाऊन बसायचं, याचं मला फार कौतुक वाटतं. एलपीजीएतलं, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक मालिकेतलं, पहिलं विजेतेपद मधल्या काळात, २००९ मध्ये मेक्सिकोत आलं.

पटिंगने, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून होलमध्ये घालण्याने, मात्र तिला छळलं. सहा फूट उंचीची बाई. तिने कमरेतून इतकं वाकायला सुरुवात केली की पाठ जवळजवळ जमिनीला समांतर. लोक हसले. त्याच पवित्र्यात ती २०१४ ची यूएस विमेन्स ओपन, बायकांच्या गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकली, पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या मैदानावर. तिथली ग्रीन, म्हणजे होलभोवतीची तुळतुळीत हिरवळ, पालथ्या परातीसारखी. चेंडू जरा चुकला की कडेने घरंगळतो. शेवटच्या दिवशी, अठरापैकी सोळाव्या होलला तीन फटक्यांची आघाडी होती. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, मारलेला चेंडू उंच गवतात गडप झाला. शोधाशोध करून सापडला, पण दोन फटके गेले. आघाडी उरली एकाची. सतराव्याला तिने पंचवीसेक फुटांवरून बर्डी घातली, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या स्टेसी लुइसला दोन फटक्यांनी मागे टाकलं.

२०१८ मध्ये सिंगापूरला शेवटच्या होलला ग्रीनबाहेरून पटर, म्हणजे पटिंगची काठी, वापरून ३६ फुटांचा पट घातला. ते पाचवं विजेतेपद, आणि शेवटचं. मग हाताची शस्त्रक्रिया, लग्न, मुलगी. निरोपाची स्पर्धा २०२३ मध्ये, पेबल बीचला.

'इतका गाजावाजा, आणि पाचच?' हे लोक अजून विचारतात. गाजावाजा तिने केला नव्हता, मोठ्यांनी केला होता. आणि हात धड असताना ती काय करायची, हे पाइनहर्स्टला दिसलंच. आता विचारा तुमचे प्रश्न.