चौदा आठवड्यांच्या आत

जानेवारी संपत आला आहे. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या मागच्या भिंतीपाशी, वाळूच्या ढिगाच्या आडोशाला, एक गावठी कुत्री आपल्या चार पिल्लांसह उन्हाला पडली आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला जन्मलेली ही पिल्ले आता आठ आठवड्यांची झाली असून त्यांचे दूध तुटत आले आहे. ती लुचायला लागली की आई उठून दूर जाते. इतक्यात रस्त्याने जाणारा एक माणूस सहज "हाड" म्हणतो आणि ती अंग चोरून भिंतीला चिकटते. हा शब्द तिला कोणी समोर बसवून शिकवलेला नाही. त्या शब्दामागून दगड येतो, हे दोन-चार वेळा घडले आणि तेवढे तिला पुरले. कुत्रा शिकतो तो असा, दिवसभर आणि प्रत्येक गोष्टीतून, मग कोणी त्याला शिकवायला घेतलेले असो वा नसो.

या चार पिल्लांमधील तांबूस रंगाची, पुढच्या उजव्या पायात पांढरा मोजा घातल्यासारखी दिसणारी पिल्ली आज याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार आहे, आणि हा चित्रपट तिच्याच शिकण्याचा आहे. त्या घरात आजी, आई, बाबा आणि दहा वर्षांची मुलगी अशी चार माणसे आहेत. मुलीचा हट्ट दोन आठवड्यांपूर्वीच पिल्लू आणण्याचा होता. परंतु घरच्यांनी थांबायचे ठरवले आणि त्यांचा तो निर्णय योग्य होता. लहान आणले म्हणजे लवकर लळा लागतो, या समजुतीने महिन्याभराची पिल्ले आईपासून तोडली जातात. प्रत्यक्षात भावंडांशी मस्ती करताना जोरात चावले तर समोरचे केकाटते आणि खेळ थांबतो, हा धडा पिल्लू याच वयात घेते, आणि तो माणसाला तितक्या चांगल्या रीतीने देता येत नाही. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये केलेल्या नियमांतही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे.

थांबण्याचे ते दोन आठवडे या घराने वाया घालवले नाहीत. बाबांनी एका रविवारी गुडघ्यांवर रांगत सगळे घर पिल्लाच्या उंचीवरून पाहिले, तेव्हा उभ्याने कधी न दिसलेल्या गोष्टी दिसल्या: टीव्हीमागे लोंबणारी वायर, सोफ्याखाली गेलेली सुई, कपाटामागे ठेवलेले उंदराचे औषध, बाल्कनीच्या गजांमधून लहानसे डोके सहज बाहेर जाईल एवढी फट. फटींना जाळी लागली, औषध घराबाहेर गेले आणि बाल्कनीतील कण्हेरीची कुंडीही काढली गेली, कारण कण्हेरीचे पानसुद्धा कुत्र्याच्या हृदयाला घातक असते.

स्वयंपाकघराचा विचार मात्र आजीला नव्याने करावा लागला. उरलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घालायचा, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि तिच्यामागे माया आहे, यात शंका नाही. पण त्या रश्श्यात कांदा आणि लसूण असतो आणि या दोहोंमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातील बेदाणे आणि ताजी द्राक्षे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अलीकडे पशुवैद्यक मानू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेत भरपूर असल्यामुळे चिंचेची आमटीही त्याच यादीत जाते. चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडेही वर्ज्य. भात, उकडलेले अंडे, बिनमिठाची उकडलेली कोंबडी, शिजवलेला लाल भोपळा आणि पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, असा बेत पशुवैद्यांना विचारून ठरला.

शेवटची तयारी कागदावर झाली. आजी "बस" म्हणणार, मुलगी "सिट" म्हणणार आणि बाबा "खाली, खाली" म्हणणार, तर पिल्लाच्या कानांवर तीन वेगळे आवाज पडणार आणि त्यांतून कोणताही अर्थ लागणार नाही. म्हणून "बस", "थांब", "ये" आणि "सोड" हे चारच शब्द मुलीने मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवले. त्याखाली आईने एक ओळ वाढवली: नावाने हाक मारायची ती फक्त चांगल्यासाठी, रागावताना नाव घ्यायचे नाही. नाव ठरले होते चिंगी.

पहिल्या रात्री चिंगी रडली. आठ आठवडे जिने तीन भावंडांच्या अंगाच्या उबेत झोप घेतली, तिच्या दृष्टीने एकटे झोपणे हे संकटच आहे. रडले की जवळ घेतल्याने पिल्लू लाडावते, असे सांगून त्याला बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये कोंडण्याचा सल्ला अनेक घरांत मिळतो. तो सल्ला चुकीचा आहे, आणि हे आम्ही ठामपणे सांगू इच्छितो: या वयातील रडणे हा कांगावा नसतो, ती आईला घातलेली हाक असते. चिंगीचे खोके मुलीच्या आईच्या पलंगाला लागून ठेवले आहे. खोक्यात एक गोधडी आहे आणि चिंगीच्या आईचा आणि भावंडांचा वास लागलेली एक जुनी चादर, जी बाबांनी मुद्दाम आठवडाभर वाळूच्या ढिगापाशी अंथरून ठेवली होती. रात्री दोनदा मुलीच्या आईने नुसता हात खोक्यात सोडला. पहाटे चारनंतर चिंगीने त्या हातावर हनुवटी टेकली आणि ती झोपली.

शी-शूची शिस्त हे पहिल्या महिन्यातील सर्वांत कंटाळवाणे काम आहे, आणि ते पिल्लाच्या हुशारीपेक्षा घरातील माणसांच्या घड्याळावर अवलंबून असते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ रोखून धरता येत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला हटकून जावे लागते. त्या तीनही वेळी आजी तिला उचलून बाल्कनीतील वर्तमानपत्रावर नेते, गप्प उभी राहते आणि काम झाले की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा कोंबडीचा तुकडा देते. त्याच क्षणी, या शब्दांवर आमचा भर आहे, कारण बक्षीस घरात आल्यावर दिले तर ते घरात येण्याचे बक्षीस ठरते. दिवाणखान्यात चूक झाली तर ती मुकाट्याने पुसायची. पिल्लाचे नाक त्या जागी घासण्याची जुनी पद्धत क्रूर तर आहेच, शिवाय तिचा परिणाम उलटा होतो. पिल्लू इतकेच शिकते की माणसासमोर हे करणे धोक्याचे आहे, आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करू लागते.

आता या चित्रपटाच्या मुख्य विषयाकडे यावे लागेल. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या काळात जे दिसते, ऐकू येते आणि अंगाला लागते, ते पुढे जन्मभर ओळखीचे वाटते. जे राहून जाते, त्याची भीती वाटू शकते. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी या विषयावर वर्षानुवर्षे काम केले. 1961 मध्ये तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पिल्लांना उंच कुंपणाच्या मैदानात माणसाच्या सहवासाविना वाढवले होते आणि त्यांपैकी काहींना वेगवेगळ्या वयात एकेका आठवड्यासाठी माणसांत आणले होते. ज्या पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा स्पर्शच झाला नाही, ती पुढे रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. त्यांना खायला मिळत होते, निवारा होता, आईही होती. फक्त ती वेळ निघून गेली होती.

आणि नेमक्या याच काळात पशुवैद्य बजावून सांगतात की पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडू नका. तेही खरेच आहे. पार्व्हो हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जातो, तेथे महिनोन्‌महिने तग धरतो आणि लस न झालेल्या पिल्लाचा काही दिवसांत जीव घेऊ शकतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस दिली जाते. परंतु आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती शिल्लक असेपर्यंत ती लस पुरती लागू होत नाही, आणि ती शक्ती कोणत्या पिल्लात केव्हा ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा लस देऊन शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या सुमारास दिली जाते. थोडक्यात, लसींचे संरक्षण पूर्ण होण्याआधीच खिडकी बंद होते. असंख्य घरे भीतीपोटी पिल्लाला चार महिने दाराआड ठेवतात आणि नंतर पट्टा लावून पहिल्यांदा रस्त्यावर नेतात, तेव्हा ते रिक्षाला भिते, छत्रीला भिते, लहान मुलांवर भुंकते. घरचे म्हणतात, स्वभावच तसा आहे. तो स्वभाव नसतो. त्याला काही दाखवलेलेच नसते.

यावर आजीने शोधलेला उपाय तिच्या जुन्या नऊवारी लुगड्याचा आहे. त्याची झोळी करून ती चिंगीला छातीशी बांधते आणि रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे खाली फिरवते. पाय जमिनीला लागत नाहीत, परंतु डोळे, कान आणि नाक मोकळे असतात. पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याची हातगाडी, शाळेची बस, भंगारवाल्याची आरोळी आणि काठी टेकत चालणारे आजोबा यांची ओळख झाली. दुसऱ्या आठवड्यात हेल्मेट घातलेला माणूस आला, ज्याला पाहून चिंगी झोळीत दडली. आजीने तिला पुढे ढकलले नाही आणि चुचकारण्याचा गाजावाजाही केला नाही. ती चार पावले मागे सरली, चिंगीने पुन्हा डोके वर काढेपर्यंत थांबली आणि मग तुकडा दिला. भीती वाटली तर मागे जाता येते, हे ज्याला कळले ते पिल्लू पुढे जाण्यास तयार होते. घरातही असेच चालले होते: कुकरची शिट्टी झाली की तुकडा, मिक्सर सुरू झाला की तुकडा, आणि फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून त्याबरोबर जेवण.

एकोणीस फेब्रुवारी, शिवजयंती. चिंगी अकरा आठवड्यांची आहे. मुख्य रस्त्यावर मिरवणुकीचे ढोल घुमत आहेत आणि आजी दोन गल्ल्या अलीकडे, जेथे तो आवाज पोटात न बसता नुसता कानांवर येतो, तेथे एका ओट्यावर बसली आहे. पहिल्या टिपऱ्याला चिंगीचे कान मागे पडले. आजीने तिच्या कानांच्या मागे बोटे फिरवली आणि दर थोड्या वेळाने एक तुकडा पुढे केला. दहा मिनिटांनी चिंगीने तुकडा हातातून घेतला खरा, पण चावण्याआधी मान वळवून ती आवाजाच्या दिशेने पाहत राहिली. तेवढे पाहून आजी उठली. आणखी जवळ नेण्याचा मोह येथे भल्याभल्यांना होतो. तो आवरता आला पाहिजे.

मार्च उजाडेपर्यंत घरात वेगळाच प्रश्न उभा राहतो. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात सुईसारखे असतात आणि तीन-चार महिन्यांपासून ते पडून त्यांच्या जागी बेचाळीस दात येऊ लागतात. हिरड्या शिवशिवतात आणि चपला, पडद्यांची टोके, मुलीचे हात असे सगळेच दाताखाली येते. मुलगी ओरडून हात मागे ओढत असे, तेव्हा चिंगीला तो खेळच वाटे. आता ती दात लागताक्षणी गप्प होते, हात बांधून पाठ फिरवते आणि अर्ध्या मिनिटाने गारेगार गाजर पुढे करते. येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगणे आवश्यक आहे. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते; त्यापूर्वी किंवा नंतरही दात किंवा नख लागून ओरखडा उठला तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पिल्लू घरचेच आहे, म्हणून हे टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, मात्र वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत महापालिकेचा परवाना काढतानाही या लसीचे प्रमाणपत्र लागते.

"बस" हा शब्द चिंगीला तीन दिवसांत आला. मुलीने तुकडा तिच्या नाकापाशी धरून हळूच डोक्याच्या वर नेला, तसे नाक वर गेले आणि मागचा भाग आपोआप खाली टेकला. सुरुवातीला शब्द उच्चारलाच नव्हता; हालचाल पक्की झाल्यावर तो जोडला. एका वेळी तीन मिनिटे, त्याहून जास्त नाही. "ये" हा शब्द मात्र सर्वांत जपून वापरला जातो. औषध पाजण्यासाठी किंवा आंघोळीसाठी तिला त्या शब्दाने कधीही बोलावले जात नाही, कारण उद्या रस्त्यावर पट्टा निसटलाच तर तिला परत आणणारा तो एकच शब्द असेल. एकटे राहण्याची सवयही अशीच चिमटीने वाढवली: दाराबाहेर अर्धे मिनिट, मग दोन, मग जिना उतरून परत. आज ती पाऊण तास एकटी झोपून राहते.

मार्च संपता संपता तिसरी लस झाली आणि आणखी दोन आठवडे गेले. एप्रिलमधील या सकाळी, डांबर तापण्याआधी, आजीने तळहात रस्त्यावर टेकवून पाहिला आहे आणि चिंगीला प्रथमच खाली उतरवले आहे. तिने एक पाय उचलून धरला, खाली ठेवला, मग दुसरा. समोरून शाळेची बस गेली. तिच्याकडे तिने पाहिले आणि पुन्हा जमीन हुंगू लागली. वाळूच्या ढिगाजवळ तिची आई उभी होती. तिच्या कानाला आता छेद आहे, म्हणजे दरम्यानच्या काळात तिची नसबंदी आणि लसीकरण झाले आहे. एका स्कूटरवाल्याने वळताना "हाड" म्हटले, तशी आई भिंतीकडे सरकली. चिंगी मात्र जागेवर उभी राहिली, आवाजाच्या दिशेने तिने मान किंचित वाकडी केली आणि मग आजीच्या तोंडाकडे पाहत खाली बसली. आजीने पदराच्या गाठीतून तुकडा काढून दिला, पट्टा सैल सोडला आणि दोघी भाजीवाल्याच्या गाडीकडे निघाल्या.