चार्ल्स मिंगस: तोंडी दिलेलं संगीत

(दृश्य: जमिनीवर आडवा ठेवलेला डबल बेस. कॅमेरा मानेच्या टोकाकडून खाली.)

एरवी जिथे शंखासारखी वळी असते, तिथे या डबल बेसला, व्हायोलिनच्या घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या वाद्याला, सिंहाचं डोकं कोरलेलं आहे. खाली चार तारा: ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड ई तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं. इतक्या खालच्या सुराला आपला कान आळशी असतो. त्यात शेजारी ड्रम असले की बेस ऐकू येत नाही, पोटात जाणवतो.

तारेची वाजती लांबी मीटरभराहून थोडी जास्त. गिटारसारखे पडदे नाहीत. मानेच्या वरच्या भागात पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत जेमतेम एक पूर्ण स्वर मावतो, त्यामुळे डावा हात सतत वरखाली पळवावा लागतो. बोट अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे पडलं तरी सूर टोचतो, आणि घोडीच्या दिशेने सरकाल तशी चुकायची जागा आणखी कमी होत जाते. या वाद्याने साथ करायची, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

(दृश्य: लॉस एंजेलिस, वॉट्स. जुने फोटो.)

चार्ल्स मिंगस, अमेरिकन जॅझ बेसवादक आणि रचनाकार. जन्म 22 एप्रिल 1922, अ‍ॅरिझोनातलं नोगालेस. वाढला वॉट्समध्ये. आधी ट्रॉम्बोन, मग चेलो. नोटेशन नीट वाचता येत नव्हतं, ऐकून वाजवायचा. सिंफनी ऑर्केस्ट्रात काळ्या चेलोवादकाला कोण घेणार, बेस घे, असा सल्ला मित्राने दिला. तो मित्र म्हणजे सॅक्सोफोनवादक बडी कोलेट. रेड कॅलेंडर हे बेसचे पहिले गुरू. त्यानंतर पाच वर्षं हर्मन राइन्सहॅगन यांच्याकडे, जे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवून आले होते. म्हणजे तालीम पक्की, गजासकट.

घरी सावत्र आई त्याला चर्चमध्ये न्यायची. तिथे पुस्तक समोर धरून कुणी गात नसे. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उचलायची, टाळ्या, हुंकार, मधेच कुणाची तरी आरोळी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य: टोरोंटो, मॅसी हॉलचा दर्शनी भाग. मग टेपची फिरती चाकं.)

15 मे 1953. मंचावर सॅक्सोफोनला चार्ली पार्कर, ट्रम्पेटला डिझी गिलेस्पी, पियानोला बड पॉवेल, ड्रमला मॅक्स रोच आणि बेसला मिंगस. त्याच रात्री मुष्टियुद्धाची मोठी लढत होती, त्यामुळे सभागृहात पुष्कळ खुर्च्या रिकाम्या. मैफलीची टेप मिंगसने न्यूयॉर्कला नेली. ऐकली, तर त्याचाच बेस जवळजवळ गायब.

मग त्याने स्टुडिओत बसून बेस पुन्हा वाजवला आणि टेपवर चढवला. मल्टिट्रॅकची, म्हणजे प्रत्येक वाद्य टेपवर वेगळं भरायची, सोय हाताशी नसे तेव्हा हे काम दोन यंत्रांवर व्हायचं. एकावर जुनी टेप चालू, वादकाच्या कानाला हेडफोन, आणि जुना-नवा दोन्ही आवाज दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे. प्रत्येक उतरवणीला खरखर वाढते. शिवाय लय टेपच्या ताब्यात: त्या रात्री ड्रम जरा पुढे पळाले असतील तर बेसलाही पळावं लागतं. आधीचा पुसट बेस काढून टाकता येत नाही. तो सावलीसारखा खाली राहतो. ही रेकॉर्ड त्याने ‘डेब्यू’ या लेबलवर काढली. लेबल त्याचं आणि रोचचंच, 1952 साली सुरू केलेलं. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी होता, म्हणून वेष्टनावर त्याचं नाव ‘चार्ली चॅन’. बेस न चढवलेली मूळ टेपही नंतर बाजारात आली. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा.

(दृश्य: पियानोवर वाकलेला मिंगस, भोवती वादक. दीर्घ शॉट.)

आता जॅझ वर्कशॉप, म्हणजे मिंगसचा वादकगट. मिंगस इथे कळतो.

बांधलेली रचना तो वादकांच्या हातात कागदावर देत नसे. 1956 च्या ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’ या तबकडीच्या वेळी त्याने ही पद्धत स्वतःच मांडली होती. रचना आधी डोक्यात पूर्ण करायची. मग पियानोवर बसून तिचा सांगाडा वाजवून दाखवायचा. मग एकेकाला त्याची त्याची ओळ: वाजवून, गाऊन, पुन्हा वाजवून. सोलोसाठी कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची, यादी देण्याऐवजी कोणते स्वर कुठे घ्यायचे ते सांगायचं. कागद समोर असला की वादक कागद वाजवतो. ओळ कानातून आली की ती त्याच्या स्वतःच्या फुंकेत उतरते. गुरुमुखी विद्या म्हणजे काय, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको.

लयीचंही तसंच. ठोका हा बिंदू न मानता त्याच्याभोवती वर्तुळ कल्पायचं, आणि त्या वर्तुळात सूर कुठेही टाकायचा: ठोक्याच्या अलीकडे, पलीकडे, बरोबर मधे. आपल्याकडे समेच्या बाबतीत अतीत-अनागत म्हणतात, त्याच्या जवळपासची गोष्ट. अडचण अशी की सगळेच वर्तुळात हिंडायला लागले तर मधला बिंदू कुणीतरी मनात घट्ट धरायला हवा. ते काम ड्रमवर डॅनी रिचमंडचं. हा गडी मुळात सॅक्सोफोनवादक. ड्रम नंतर हातात घेतले आणि वीसेक वर्षं मिंगसच्या शेजारी बसला. लय दुप्पट करायची की एकदम थांबायचं, यासाठी दोघांना खूणही लागत नसे.

(दृश्य: स्टुडिओ, न्यूयॉर्क. 1959.)

मे 1959, 5 आणि 12 तारीख. कोलंबियाचा 30 व्या रस्त्यावरचा स्टुडिओ, पूर्वीचं चर्च. तबकडी ‘मिंगस आह अम’. पहिल्याच तुकड्यात टाळ्या आणि मिंगसच्या आरोळ्या: वॉट्समधलं ते चर्च. पुढे सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी बांधलेली ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’. यंगला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बारा बारची (बार म्हणजे ठोक्यांचा एक कप्पा), म्हणजे साच्याने ब्लूजच, पण जवळजवळ दर दोन ठोक्यांना खालचा कॉर्ड बदलतो. ब्लूजची सवय असलेला हात इथे हमखास अडखळतो.

आणि ‘फेबल्स ऑफ फॉबस’. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना अडवायला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे सैनिक, उभे करणारा गव्हर्नर, ऑर्व्हल फॉबस. कोलंबियाच्या तबकडीवर ही रचना बिनशब्दांची आहे. 1960 मध्ये ‘कँडिड’ या लेबलसाठी मात्र मिंगस आणि रिचमंड शब्दांसकट सवालजवाब करतात. सोबत ट्रम्पेटला टेड कर्सन, सॅक्सोफोनला एरिक डॉल्फी, पियानो नाहीच.

(दृश्य: टाउन हॉलचा मंच. कागदांचे गठ्ठे.)

सहा-सात जणांना तोंडी शिकवता येतं. तीस जणांना कसं शिकवणार?

12 ऑक्टोबर 1962, टाउन हॉल, न्यूयॉर्क. वाद्यवृंद तीस जणांचा, त्यामुळे इथे कागद लागणारच: एक मूळ स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन, आणि त्यातून प्रत्येक वादकाची सुटी प्रत. मैफलीची तारीख पाच आठवडे अलीकडे आली. प्रेक्षक आत येऊन बसले तरी लेखनिक मंचावरच टेबलं मांडून उतरवत होते. कार्यक्रम कोसळला. त्याआधी याच कामाच्या ताणात मिंगसने ट्रॉम्बोनवादक जिमी नेपरच्या तोंडावर ठोसा मारला. दात गेला, वरचे सूर गेले, खटला झाला.

(दृश्य: नोव्हेंबर 1966, ग्रेट जोन्स स्ट्रीट. मिंगसचं घर रिकामं केलं जातंय. सामान रस्त्यावर, त्यात बेसही. निवेदन नाही. मूळ आवाज तसाच ठेवावा.)

(दृश्य: स्कोअरची पानं, एकेक उलटताना.)

त्या 1962 च्या पानांवर बारचे आकडे सलग घातलेले आहेत, 4235 पर्यंत. मिंगस गेल्यावर कागदपत्रांची यादी करताना अँड्र्यू होम्झी या अभ्यासकाला ते आकडे जुळताना दिसले, आणि सुटे वाटणारे तुकडे एकाच रचनेचे निघाले. नाव ‘एपिटाफ’. संचालक गुंथर शुलरने 3 जून 1989 ला न्यूयॉर्कमध्ये ती सादर केली. वाजायला दोन तासांहून जास्त लागतात.

(दृश्य: व्हाइट हाउसची हिरवळ, जून 1978. चाकाच्या खुर्चीत मिंगस.)

1977 मध्ये निदान झालं, एएलएस. हळूहळू स्नायू निकामी करणारा आजार. आधी बेस सुटला, मग पियानो. तेव्हा त्याने टेपरेकॉर्डर जवळ घेतला आणि रचना गुणगुणून भरायला लागला. ऐकणाऱ्याने टेप थांबवायची, ओळ उतरवायची, वाद्यांत वाटायची. 5 जानेवारी 1979 ला मेक्सिकोत क्वेर्नावाका इथे तो गेला, छप्पन्नाव्या वर्षी. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी स्यू यांनी अस्थी गंगेत सोडल्या.

(दृश्य: नदी. मग पुन्हा सिंहमुखी बेस, आज, बोरिस कोझलोव्हच्या हातात.)

मिंगसच्या रचना वाजवणाऱ्या मिंगस बिग बँडमध्ये त्याचा हाच बेस वाजतो. कोझलोव्ह ई तार लावतोय. खुंटी जराशी पिळायची, थांबायचं, कान लाकडाशी न्यायचा.

(तार. काळा पडदा.)