पर्यावरणाच्या विधेयकावर आपला आमदार कोणत्या बाजूला असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

बहुतेक दर हिवाळ्यात कर्नाटकाचे विधिमंडळ काही दिवसांसाठी बेळगावात येते. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन 11 ऑक्टोबर 2012 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले, आणि तेव्हापासून हिवाळी अधिवेशन या शहराच्या वर्षक्रमातच बसून गेले आहे. त्या दिवसांत मोर्चे निघतात, धरणी धरली जातात, सीमाभागातल्या मराठी माणसाच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार की नाही याची चर्चा चौकाचौकांत चालते. पण आत सभागृहात कोणती विधेयके संमत झाली आणि आपल्या जिल्ह्यातल्या 18 आमदारांपैकी कोणी कोणत्या बाजूने मत दिले, हा साधा प्रश्न विचारायचे आपल्याकडून राहून जाते. जंगल, नद्या, तलाव आणि शेतजमीन यांच्याशी संबंध असलेल्या विधेयकांपुरता तो प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा कोठेही लिहिलेले नसते, आणि त्याचे कारण मतदानाच्या पद्धतीत आहे. मंत्री विधेयक मांडतात, त्यावर चर्चा होते, कलमे एकामागून एक मताला टाकली जातात आणि शेवटी अध्यक्ष विचारतात की, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. कोणता आवाज मोठा हे अध्यक्ष कानांनी ठरवतात आणि विधेयक संमत झाल्याचे जाहीर करतात. याला आवाजी मतदान म्हणतात. त्यात कोणाचे नाव नोंदले जात नाही, आकडाही नोंदला जात नाही. एखाद्या सदस्याने आग्रह धरला आणि अध्यक्षांनी तो मान्य केला तरच मतविभाजन होते, म्हणजे मते प्रत्यक्ष मोजली जातात. शिवाय घटनेच्या 189व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहाची गणसंख्या, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या एक दशांश, पण किमान 10, एवढी असते. कर्नाटक विधानसभेत 224 सदस्य आहेत. म्हणजे 23 सदस्य हजर असले तरी कामकाज कायदेशीर ठरते, आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत तेवढे लागत असल्यामुळे बारा आवाजांवर एखादा कायदा होऊ शकतो. प्रत्येक वेळी असेच घडते असे नाही. परंतु ज्या आमदाराला आपण निवडून दिले तो त्या दुपारी सभागृहात होता की बाहेर होता, हेसुद्धा संमत झालेल्या विधेयकावरून आपल्याला कळत नाही, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

दुसरीकडे याहून वेगळी पद्धत आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेतच असे म्हटले आहे की, प्रत्येक सदस्याचे नाव पुकारून घेतलेले मत कामकाजाच्या नोंदवहीत लिहिल्याशिवाय कोणतेही विधेयक संमत होऊ शकत नाही. त्या देशात 1970 साली स्थापन झालेली लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स ही संस्था पर्यावरणाच्या विधेयकांवर लोकप्रतिनिधींनी दिलेल्या मतांची गुणपत्रिका प्रसिद्ध करते आणि तिच्या जोडीच्या राज्यपातळीवरच्या संस्था आपापल्या विधिमंडळांसाठी हेच काम करतात. मतदाराला शंभरपैकी किती गुण ते एका दृष्टिक्षेपात दिसते. ही गुणपत्रिका तिथे शक्य होते याचे मुख्य कारण म्हणजे तिथे मत नावानिशी नोंदलेले असते. आपल्याकडे उद्या कोणी कितीही कष्ट घेऊन अशी गुणपत्रिका करायला बसला, तरी आवाजी मतदानातून त्याच्या हाती काही लागणार नाही.

आता असे समजू की मतविभाजन झाले आणि नावेही मिळाली. तरीही ते मत त्या आमदाराचे स्वतःचे होते असे म्हणता येईल का? 1985 साली 52व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. पक्षाने काढलेल्या व्हीपच्या, म्हणजे मतदानाविषयीच्या आदेशाच्या, विरुद्ध मत दिले, किंवा परवानगीशिवाय मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने 15 दिवसांच्या आत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. या अनुसूचीची धार बेळगाव जिल्ह्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै 2019 मध्ये कुमारस्वामी सरकारचा विश्वासदर्शक ठराव 99 विरुद्ध 105 मतांनी पडला आणि त्याच प्रकरणात गोकाक, अथणी आणि कागवाड या तिन्ही मतदारसंघांच्या आमदारांना अध्यक्षांनी अपात्र ठरवले. डिसेंबरमध्ये तिथे पोटनिवडणुका झाल्या आणि तेच तिघे पुन्हा निवडून आले. सरकार राहणार की जाणार या प्रश्नावर व्हीप असावा हे मी समजू शकतो. पण तलावाभोवती किती जागा मोकळी सोडावी, किंवा नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला काय शिक्षा असावी, अशा प्रश्नांवरही आमदाराने पक्षाच्या आदेशाकडे पाहूनच तोंड उघडावे, हे मला पटत नाही. अशा विधेयकांवर पक्षांनी आपल्या सदस्यांना मोकळे सोडले, तर निदान खानापूरचा आमदार खानापूरच्या जंगलाविषयी आणि चिकोडीचा आमदार कृष्णेच्या पाण्याविषयी स्वतःच्या मतदारांचे ऐकून बोलू शकेल.

मते मोजली की काय दिसते, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन विकत घेण्यास आडकाठी करणारी भूसुधारणा कायद्यातली 79 अ आणि 79 ब ही कलमे 2020 साली काढून टाकण्यात आली. डिसेंबर 2020 मध्ये ते विधेयक विधान परिषदेत आले, तिथे मते मोजली गेली, आणि आधी विरोधात बोलणाऱ्या धर्मनिरपेक्ष जनता दलाने बाजूने मत दिल्याचे साऱ्या राज्याने पाहिले. कागदावर ते विधेयक महसुलाचे होते, पर्यावरणाचे नव्हते. परंतु शहापूर, वडगाव, अनगोळ आणि येळ्ळूरच्या भाताच्या शिवारात ज्यांची जमीन आहे, बळ्ळारी नाल्याचे घाण पाणी दर पावसाळ्यात ज्यांच्या पिकात शिरते आणि वाढत्या शहराची नजर ज्यांच्या बांधावर आहे, त्यांच्या दृष्टीने जमीन कोणाच्या हातात जाणार हा पर्यावरणाचाच प्रश्न आहे. म्हणून नावात वन, वृक्ष किंवा जल असे शब्द असलेल्या विधेयकांवरच लक्ष ठेवून भागणार नाही.

पर्यावरणाचे सगळ्यांत मोठे निर्णय तर सभागृहात मताला येतच नाहीत. पश्चिम घाटाचे उदाहरण घ्या. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. त्यानंतर केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली घाटातले पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारे मसुदे एकामागून एक प्रसिद्ध केले. 31 जुलै 2024 च्या मसुद्यात सहा राज्यांतले 56,825 चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र होते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कर्नाटकाचा, 20,668 चौरस किलोमीटरांचा होता. सप्टेंबर 2024 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल नाकारण्याचा निर्णय घेतला. खानापूर तालुका आणि शेजारचे जोयडा, हल्याळ यांचे भवितव्य ज्या कागदाशी बांधलेले आहे, तो अशा रीतीने मंत्रिमंडळाच्या बैठकीत बाजूला ठेवला गेला. 2022 साली मानीव वनांचे, म्हणजे वन म्हणून अधिसूचित नसलेल्या पण वन मानल्या गेलेल्या जमिनींचे (डीम्ड फॉरेस्टचे) क्षेत्र सुमारे 9.9 लाख हेक्टरांवरून सुमारे 3.3 लाख हेक्टरांवर आणले गेले, तेही सरकारी आदेशाने. या दोन्ही निर्णयांच्या गुणदोषांवर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण एवढ्या मोठ्या क्षेत्राच्या प्रश्नावर लोकांनी निवडलेल्या सभागृहाचे मत नावानिशी घेतले जाऊ नये, याचे समर्थन कसे करायचे ते मला कळत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. संरक्षणाच्या बाजूने पडलेले प्रत्येक मत चांगले आणि विरुद्ध पडलेले प्रत्येक मत वाईट, असे आपल्या भागात म्हणता येत नाही. भीमगड अभयारण्याची अधिसूचना 2011 साली निघाली. रॉटनच्या वटवाघळासाठी जगाच्या अभ्यासकांना माहीत असलेल्या बारापेडे गुहा तिथे आहेत, म्हादईचा उगमही त्याच परिसरातला आहे, आणि त्याच जंगलात तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा यांसारखी मराठी बोलणारी गावे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांना रस्ता नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर वाहून आणावे लागते. त्यांनी जंगल राखले पाहिजे असे शहरात बसून सांगणे सोपे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जो अधिकार दिला आहे तो वगळून केलेल्या संरक्षणाला एखाद्या आमदाराने विरोध केला, तर अमेरिकेतल्यासारख्या गुणपत्रिकेत त्याचे गुण कापले जातील, पण मी त्याचे गुण कापणार नाही. मात्र त्याने विरोध का केला, त्याच्या मनात गावकरी होते की खाणमालक आणि रिसॉर्टवाले होते, हे कळण्यासाठीच त्याचे बोलणे आणि त्याचे मत नोंदले गेले पाहिजे.

पाण्याच्या प्रकल्पांवर मतभेदच नसतात, आणि तिथे मला अधिक काळजी वाटते. 24 मार्च 2022 रोजी कावेरीवरच्या मेकेदाटू धरण प्रकल्पाच्या बाजूने विधानसभेत एकमताने ठराव झाला. त्या धरणाखाली कावेरी वन्यजीव अभयारण्यातले मोठे जंगल जाणार आहे, आणि तरीही सभागृहात वेगळा सूर उमटला नाही. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या बाबतीतही सगळे पक्ष एका सुरात बोलतात. म्हादई जलतंटा लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिले, आणि हुबळी-धारवाडची तहान खरी आहे, नरगुंदच्या शेतकऱ्यांचे आंदोलनही खरे आहे. पण कणकुंबीच्या परिसरातल्या झऱ्यांचे काय होईल, मलप्रभेचा उगम जिथे आहे तिथली झाडे किती जातील, हे विचारणारा एक तरी आवाज सभागृहात उठायला हवा होता. राज्याच्या अस्मितेचा प्रश्न झाला की ज्याच्या तालुक्यातले जंगल तुटणार त्यालाही गप्प बसावे लागते. सीमाभागातल्या मराठी आमदाराला तर ते आणखी अवघड असते, कारण त्याच्या शंकेला लगेच वेगळा अर्थ चिकटवला जातो.

विधिमंडळाच्या हाती मात्र एक अधिकार असा आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. पाणी हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्यामुळे 1974 चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा संसदेने घटनेच्या 252व्या अनुच्छेदाखाली केला, म्हणजे आधी काही राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले तेव्हा तो झाला, आणि त्या राज्यांत कर्नाटक होते. 2024 साली संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांची कैद काढली आणि तिच्या जागी 10 हजारांपासून 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. ज्या राज्यांनी तसा ठराव आधी केला नव्हता, त्यांत ही दुरुस्ती आपोआप लागू होत नाही, त्यासाठी त्या त्या विधिमंडळाने ठराव करावा लागतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात, घटप्रभा, मार्कंडेय आणि कृष्णा यांच्या काठी राहणाऱ्या माणसाने आपल्या आमदाराला अगदी नेमके विचारावे असा हा प्रश्न आहे. कारखान्याच्या मळीचे पाणी नदीत सोडणाऱ्याला तुरुंगाची भीती असावी की दंडाची पावती पुरे, याविषयी तुमचे मत काय?

मतदानाखेरीज आमदाराचा कल ओळखण्याच्या जागाही आहेत. तारांकित आणि अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधेयकाला सुचवलेल्या दुरुस्त्या, या सगळ्यांवर सदस्याचे नाव असते आणि त्यांवर व्हीपचा दाब फारसा नसतो. समित्यांचे कामही तसेच असते. बेंगळूरच्या तलावांवरील अतिक्रमणांची चौकशी के. बी. कोळिवाड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली आणि 2017 साली अहवाल दिला. ती समिती विधिमंडळाचीच होती. बेळगावच्या नाल्यांसाठी आणि नद्यांसाठी अशी एखादी समिती मागण्यास इथल्या आमदारांना कोणी अडवलेले नाही.

कामकाजाचे वृत्त बहुतांशी कन्नडमध्ये असते, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ते वाचता येत नाही, ही अडचण खरी आहे. तरीही ज्यांना कन्नड येते अशा तरुणांनी प्रत्येक अधिवेशनानंतर पर्यावरणाच्या विधेयकांवरची चर्चा मराठीत आणावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. घटनेच्या 210व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या भाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत नीट बोलता न येणाऱ्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. आणि 350व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपल्या तक्रारीचे निवेदन राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा विधानसभेच्या अध्यक्षांकडे मराठीत अर्ज करता येतो. त्या अर्जात एवढेच लिहावे की, वन, जल, तलाव आणि शेतजमीन यांविषयीच्या प्रत्येक विधेयकावर मतविभाजन घ्यावे, प्रत्येक सदस्याचे मत नावासह कार्यवृत्तात छापावे, आणि आमच्या आमदारांनी स्वतः उभे राहून या मतविभाजनाचा आग्रह धरावा. अर्जाची एक प्रत आमदारांनाही द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि पुढचे अधिवेशन हलग्याला भरण्याच्या आधी त्यांचे लेखी उत्तर मागावे.