सुई नेमकं काय मोजते?

[कॉकपिट. इंजिनाची एकसुरी घरघर. कॅमेरा हळूहळू एका गोल डायलवर स्थिरावतो.]

छोटं, एका इंजिनाचं शिकाऊ विमान. उंची १०,००० फूट. एअरस्पीड इंडिकेटरची, म्हणजे वेग दाखवणाऱ्या डायलची, सुई १०० नॉटवर टेकली आहे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर). शेजारच्या जीपीएसवर आकडा दिसतोय ९१. आणि मांडीवरच्या कागदावर, निघण्याआधी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय ११६.

विमान एकच, क्षणही तोच, आणि वेग मात्र तीन.

यातला खरा कोणता, असं विद्यार्थी हमखास विचारतात. तिन्ही खरे आहेत. गंमत अशी की ज्याच्या नावातच ‘ट्रू’ आहे, तो ११६ चा आकडा विमान हाताळताना जवळजवळ कुणी बघत नाही. आणि जी सुई चक्क सोळा नॉट कमी दाखवते आहे, तिच्यावर जीव सोपवला जातो. असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. विमानांच्याही मागे.

[नदीचा प्रवाह. पाण्यात उभी धरलेली काचेची नळी.]

साल १७३२. फ्रेंच अभियंता आंरी पितो पॅरिसमध्ये सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजत होता. त्याने एक नळी घेतली, तिचं खालचं टोक काटकोनात वाकवलं आणि ते तोंड प्रवाहाच्या दिशेने धरलं. वाहतं पाणी तोंडावर आदळलं आणि नळीत वर चढलं. प्रवाह जितका जोरात, तितकं पाणी जास्त वर. नदी जितकी खोल तितकी ती वेगाने वाहते, असा तेव्हा समज होता. पितोच्या नळीने तो खोटा ठरवला.

आज पंखाखाली जी नळी दिसते, ती हीच. पाण्याऐवजी हवा, एवढाच फरक. आपण तिला पिटो ट्यूब म्हणतो.

तिच्या जोडीला विमानाच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं, स्टॅटिक पोर्ट. पिटो समोरून आदळणाऱ्या हवेचा एकूण दाब घेते, स्टॅटिक भोवतालच्या शांत हवेचा. डायलच्या मागे पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. डबीच्या आत पिटोचा दाब, बाहेर स्टॅटिकचा. वेग वाढला की डबी फुगते, तिला जोडलेले दांडे आणि दातेरी चाकं सरकतात, सुई फिरते. झालं. एवढंच यंत्र आहे ते. वीज नाही, उपग्रह नाही.

म्हणजे ही सुई वेग मोजतच नाही. ती दोन दाबांमधला फरक मोजते. तिच्याखाली नॉटचे आकडे छापले आहेत, इतकंच.

हा फरक किती नाजूक असतो? समुद्रसपाटीला १०० नॉट वेगाने जाताना तो साधारण साडेसोळा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. एका वितीएवढाही नाही. आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ५० नॉटला तो निम्मा नव्हे, एक चतुर्थांश. जेमतेम चार सेंटिमीटर. डायलच्या अगदी सुरुवातीच्या आकड्यांवर फार विसंबू नये, असं प्रशिक्षक सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

[पंखाचा छेद. हवेच्या रेषा त्याला वळसा घालून जाताहेत.]

आता पंखाकडे बघू. विमान उचलून धरणारं बळ कशावर अवलंबून असतं? हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ, आणि पंख हवेला किती कोनात भिडतो त्यावर. यातली पहिली दोन एकत्र घ्या. घनता गुणिले वेगाचा वर्ग. डबीला फुगवणारा दाब तोच.

म्हणजे पंखाला जे जाणवतं, नेमकं तेच सुईलाही जाणवतं. वर विरळ हवेत दोघांनाही हवेचा मारा कमी लागतो, तोही सारख्याच प्रमाणात. म्हणून वजन तेच असेल आणि विमान सरळ उडत असेल, तर समुद्रसपाटीला ज्या आकड्यावर स्टॉल होतो, म्हणजे पंख विमान पेलेनासा होतो, १०,००० फुटांवरही जवळपास त्याच आकड्यावर होतो. विद्यार्थ्याला प्रत्येक उंचीसाठी नवा आकडा पाठ करावा लागत नाही. सुईने घनतेची दुरुस्ती केली असती, तर ही सोय गेली असती.

सुई थेट जो वेग दाखवते, तो इंडिकेटेड एअरस्पीड. डायलवरचे रंगीत पट्टे याच भाषेत रंगवलेले असतात. सेसना १७२ एस घ्या. पांढरा पट्टा ४० पासून ८५ पर्यंत, तेवढ्यातच फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा, पूर्ण वापरायचे. हिरवा ४८ ते १२९. त्यापुढे पिवळा, म्हणजे हवा शांत असेल तरच. आणि १६३ वर लाल रेघ. ती ओलांडायची नाही.

पण या पट्ट्यांनाही एक अट आहे. हिरव्या पट्ट्याची सुरुवात म्हणजे स्टॉलचा वेग, हे सरळ उड्डाणात आणि पूर्ण वजनात खरं. विमान ६० अंश कलवून उंची राखत वळलात, तर पंखावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. ४८ चे ६८ होतात. सुई हिरव्यात असते आणि पंख हार मानतो.

[विमानाचं नाक वर उचललेलं, संथ वेगात.]

पुढचा वेग, कॅलिब्रेटेड, म्हणजे मोजणीतल्या चुका दुरुस्त केलेला. संथ उडताना नाक वर असतं, मग पिटोला हवा तिरकी मिळते. स्टॅटिक छिद्राजवळून वाहणारी हवाही पूर्ण शांत नसते. या चुका विमानाच्या बांधणीतूनच येतात, त्यामुळे त्या मोजून पुस्तिकेत तक्ता दिलेला असतो. लहान विमानांत अगदी संथ वेगाला हा फरक पाच-सहा नॉटचा असू शकतो. क्रूझला, म्हणजे स्थिर वेगाने मार्ग कापताना, तो नगण्य होतो. परीक्षेला महत्त्वाचा, रोजच्या उड्डाणात फारसा नाही.

मग येतो ट्रू एअरस्पीड. विमान भोवतालच्या हवेतून प्रत्यक्ष किती वेगाने सरकतंय, तो.

डायलवरचे आकडे एका ठरावीक हवेसाठी छापलेले असतात. तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, घनता घनमीटरला १.२२५ किलो. वर हवा विरळ होते. तेवढाच दाब निर्माण करायला विमानाला जास्त वेगाने पळावं लागतं. दर हजार फुटांमागे दोन टक्के वाढवा, असा ठोकताळा आहे. त्याने १०,००० फुटांवर १०० चे १२० होतात. नीट हिशेब केला तर ११६. कागदावर होता, तोच आकडा. ४०,००० फुटांवर घनता समुद्रसपाटीच्या पावपट उरते, आणि मग वेग दुपटीच्या घरात जातो.

हा वेग रोज लागतो कुठे? मार्ग आखताना. फ्लाइट प्लॅनमध्ये हाच भरायचा असतो.

[पर्वतांमधली लांब धावपट्टी. मोठं विमान धावतंय, धावतंय, अजून उठलेलं नाही.]

आणि अशा ठिकाणी तो आपणहून दिसतो. बोलिव्हियातल्या ला पासजवळचा एल आल्तो विमानतळ साधारण १३,३०० फुटांवर आहे. समजा एखादं विमान १४० नॉट इंडिकेटेडला उठतं. इथेही ते १४० लाच उठणार, कारण पंखाला तेवढाच मारा हवा. पण तो आकडा सुईवर येईपर्यंत चाकं जमिनीवर १७० नॉटच्या आसपास पळत असतात. धावपट्टी जास्त लागते. टायरलाही वेगाची मर्यादा असते, आणि टायर सुई बघत नाही. दिवस तापलेला असेल तर यात आणखी भर.

इक्विव्हॅलंट एअरस्पीड दोन वाक्यांत सांगतो. खूप वेगात हवा पिटोच्या तोंडाशी दाबली जाते, त्यामुळे सुई थोडी फुगवून सांगते, आणि ती फूग काढून टाकली की उरतो तो इक्विव्हॅलंट. शिकाऊ विमानाच्या वेगाला ही दुरुस्ती कवडीमोल आहे, पण ३५,००० फुटांवर २५० नॉट कॅलिब्रेटेडने जाणाऱ्या जेटला ती सुमारे १२ नॉटची पडते.

[जमिनीवरून सरकणारी विमानाची सावली.]

सर्वात जास्त घोटाळा होतो तो ग्राउंडस्पीडमध्ये, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने मोजलेल्या वेगात.

आपल्या विमानाचा ट्रू ११६, समोरून वारा २५. म्हणून जीपीएस ९१ म्हणतो. किती वाजता पोचू, इंधन पुरेल का, हे त्यालाच विचारायचं. पण पंखाला याचा पत्ताही नसतो. नदीच्या मधोमध तरंगणाऱ्या ओंडक्याला काठ कुठे सरकतोय याचं काय?

१८ फेब्रुवारी २०१९. लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेलं एक बोइंग ७८७ पेनसिल्व्हेनियावर असताना त्याचा ग्राउंडस्पीड ताशी ८०१ मैलांवर गेला. जवळजवळ १,२९० किलोमीटर. समुद्रसपाटीला आवाज ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर जातो. मग या विमानाने ध्वनीची भिंत ओलांडली का? मुळीच नाही. मागून जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरच्या वेगवान हवेच्या पट्ट्याचा, प्रचंड वारा होता. हवेतून ते आपल्या नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

ही झाली मजेची गोष्ट. आता मजेची नसलेली.

उतरण्याआधी आपण धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने जातो. सुई ८० दाखवते, मागून वारा २०, खाली जमीन १०० नॉटने पळताना दिसते. डोळा म्हणतो, फार जोरात चाललोय. हात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे घेऊ लागतो. पुढे बेसवरून (धावपट्टीला काटकोनातला टप्पा) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळताना वारा मागूनच असेल तर विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे वाहून जातं. विद्यार्थी घाईने वळण आवळतो, पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबतो, नाक वर ओढतो. वेग आधीच कमी झालेला, कल वाढलेला, स्टॉलचा वेग वर चढलेला. उंची असते काही शे फूट. इथे स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली कोसळणं, सुरू झाला तर सावरायला जागा उरत नाही. अशा वेळी करायचं एकच, रेषा चुकली तर चुकली म्हणायचं आणि गो-अराउंड घ्यायचा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं. त्यात कमीपणा वाटणारेच धोक्यात जातात, हे माझं मत.

[जेट विमान, उंच. मागे पांढऱ्या रेषा.]

मोठ्या जेटला आणखी एक आकडा लागतो, माख. आपला ट्रू वेग आणि त्या हवेतला आवाजाचा वेग यांचं गुणोत्तर. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. समुद्रसपाटीला ६६१ नॉट, ३५,००० फुटांवर थंडीमुळे ५७६. म्हणून एखादं जेट ३०० नॉट इंडिकेटेड धरून चढत राहतं, २९,००० फुटांच्या आसपास माख ०.७८ होतो, आणि तिथून वैमानिक नॉट सोडून माख धरतो. यू-२ हे हेरगिरीचं विमान ७०,००० फुटांवर उडतं. तिथे स्टॉल आणि माखची मर्यादा यांच्यात काही थोडेच नॉट शिल्लक राहतात. त्या अरुंद जागेला वैमानिक ‘कॉफिन कॉर्नर’ म्हणतात. शवपेटीचा कोपरा. नाव कुणी ठेवलं असेल ते असो, अतिशयोक्ती नाही केलेली.

[पिटो ट्यूबचं तोंड, अगदी जवळून.]

आणि ही नळी बुजली तर?

६ फेब्रुवारी १९९६. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताहून बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ रात्री निघालं. धावपट्टीवरच कॅप्टनची सुई नीट चालत नव्हती. तरीही उड्डाण चालू ठेवलं. वर गेल्यावर सुई हलू लागली. सगळ्यांना वाटलं, सुरू झाली. ती सुरू झालेली नव्हती. बंद नळीत जमिनीवरचा दाब अडकून पडला होता, विमान चढेल तसा बाहेरचा दाब घटत होता, आणि डबी फुगत होती. ती सुई आता उंची मोजत होती. कॅप्टनसमोरचा आकडा ३५० कडे गेला, ऑटोपायलटने वेग कमी करायला नाक उचललं, पॉवर मागे घेतली गेली. प्रत्यक्षात विमान संथ होत चाललं होतं. ते स्टॉल होऊन समुद्रात पडलं. १८९ जण गेले. विमान आधी बरेच दिवस पिटोवर आवरण न घालता उभं होतं. नळीत बहुधा मातीचं घर करणारी गांधीलमाशी शिरली असावी, असं तपासकर्त्यांना वाटलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरूत, विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली. ७० बळी. आणि १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्स ४४७ च्या पिटोंमध्ये बर्फ साचला. वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलं गेलं आणि ओढलेलंच राहिलं. समुद्र यायला चार मिनिटं तेवीस सेकंद लागली. २२८ जण.

[सकाळ. शिकाऊ विमानाभोवती फिरणारा विद्यार्थी.]

म्हणून ही फेरी. विद्यार्थी लाल फीत असलेलं पिटोचं आवरण काढून ते आत ठेवतो. वाकून नळीच्या तोंडात बघतो. फुंकायचं मात्र नाही, डबी नाजूक असते. स्टॅटिक छिद्रावर धूळ, मेण, पट्टी नाही ना? पिटो हीट, म्हणजे नळीत बर्फ साचू नये म्हणूनचा हीटर, क्षणभर लावून नळी कोमट होते का, तेही हात सांभाळून.

धावपट्टीवर थ्रॉटल पुढे. सुई खुंटीवरून सुटते आणि विद्यार्थी मोठ्याने म्हणतो, “एअरस्पीड अलाइव्ह.” ती सुटली नाही, तर इथेच थांबायचं. पुढे भरपूर धावपट्टी आहे.

आज सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेरीत, प्रशिक्षक बोलता बोलता खिशातून एक कागद काढतात आणि एअरस्पीडच्या डायलवर चिकटवतात. विद्यार्थी दचकून त्यांच्याकडे बघतो.

“काय झालं? इंजिनचा आवाज तोच आहे ना? नाक क्षितिजाच्या तिथंच आहे ना?”

“हो, सर.”

“मग चल. उतरव.”

[विमान फायनलला वळतं. कागद डायलवर तसाच.]