नळीतलं सारवण

[चुलीवर रटरटणारी सागोती]

मालवणातला रविवार. वडे तळून होतायत आणि "नळी माका व्हयी!" म्हणून पोरांची आधीच जुंपलीय. नळी ताटात आपटायची, तोंडाला लावायची, मगज ओढायचा. उरलेलं पोकळ हाड कुत्र्याला.

आपण मात्र त्या पोकळीतच शिरणार आहोत. जिवंत हाडात तिला आतून एक अस्तर असतं, एंडोस्टियम. इतकं पातळ, की बऱ्याच ठिकाणी पेशींचा जेमतेम एकच थर.

[जांभ्याचा चिरा, अगदी जवळून]

नळीच्या टोकाशी हाड असं दिसतं, चिऱ्यासारखं भोकाभोकांचं. त्या भोकांनाही हेच अस्तर.

[मातीची जमीन चोपणाऱ्या बायका]

उखडलेली जमीन खणायची, नवी माती घालून चोपायची, वर शेणाचं सारवण. अस्तरातही हेच चालतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं भरतात. खणायला 2-3 आठवडे, भरायला 3-4 महिने. घर बांधून घेतलेल्यांना यात नवल वाटणार नाही. अशी डागडुजी होत होत मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे 10 टक्के भाग दर वर्षी नवा होतो.

पाळी गेल्यावर, उतारवयात, खड्डे पुरते भरेनासे होतात. हाड आतून झिजतं, बाहेरून तेवढंच दिसतं. मग पावसाळ्यात शेवाळलेल्या खळ्यात आजी घसरते आणि खुबा मोडतो. मोडतो तोही अडचणीच्या जागी. मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आत असते. तिथे बाहेरून हाड भरणारा थर जवळपास नसतोच, जोडणी मुख्यतः आतल्या अस्तरावर अवलंबून. त्यात रक्तपुरवठाही अनेकदा तुटतो. म्हणून डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियाच सुचवतात.

[सूक्ष्मदर्शकाखालचा मगज]

रक्त मगजात तयार होतं हे 1868 साली जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवलं. पण रक्ताच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या पेशी घडतात त्या, तिथे टिकतात कशा? 1978 मध्ये संशोधक रे स्कोफिल्ड यांनी मांडलं, की त्यांना सांभाळणारा खास कोनाडा असावा. 2003 साली उंदरांमध्ये दिसलं, की ऑस्टिओब्लास्ट वाढले की मूळपेशीही वाढतात. वाटलं, कोनाडा सापडला, अस्तरालाच लागून! पुढे कळलं, की बहुतेक मूळपेशी मगजातल्या बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून असतात. अस्तराचा वाटा किती, यावर वाद अजून चालूच आहे.

[पुन्हा पंगत]

मोठ्या माणसाच्या हातापायांच्या नळ्यांत बहुतेक पिवळा मगज, म्हणजे चरबी. सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी घडवणारा लाल मगज असतो कमरेच्या हाडांत, मणक्यांत, छातीच्या मधल्या हाडात आणि बरगड्यांत.

नळीवरून अजून रडारड चाललीय. आजोबांनी तेवढ्यात बरगडीचा तुकडा गुपचूप आपल्या पानात ओढून घेतलाय.