खंदक

नमस्कार श्रोतेहो. बेळगावच्या माणसाला खंदक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. किल्ल्याकडे निघालं की दरवाजाच्या आधी तो लागतोच. लहानपणी मी वडिलांचा हात धरून त्याच्या काठावरून जायचो तेव्हा वाटायचं, एवढा खोल खड्डा असताना शत्रू आत येईलच कसा?

शत्रू आला होता, आणि तो खालून आला होता. १४७२च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवान यानं या किल्ल्याला वेढा घातला. त्याच्या माणसांनी लांबून जमीन पोखरत पोखरत भिंतीच्या पायापर्यंत बोगदा नेला, त्यात दारू ठासली आणि बत्ती दिली. त्यालाच आपण सुरुंग म्हणतो. दख्खनमध्ये तोवर लोकांना हा प्रकार ठाऊक नव्हता, असं फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. आतल्या शिबंदीचे डोळे बाहेर लागलेले असणार. शिड्या कधी लागतात, हत्ती कधी येतात, याची ती वाट बघत असणार. आणि भिंत उडाली ती पायातून.

पुढे तोफा सुधारल्या आणि मग सुरुंगाचीही फारशी गरज उरली नाही. १८१८ साली इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं याच किल्ल्याला वेढा दिला. तोफांच्या माऱ्यापुढे किल्ला जेमतेम तीन आठवडे टिकला. दगडी भिंतीच्या भरवशावर राज्य राखायचे दिवस तिथंच संपले.

पण श्रोतेहो, भिंत गेली तरी खंदक राहिला. आता तो किल्ल्याभोवती नव्हता, शिपायाच्या पायाखाली आला होता. ठासणीच्या बंदुकीतून सराईत शिपाई मिनिटाला दोन-तीन गोळ्या झाडायचा. १८८४मध्ये हायरम मॅक्सिमनं जी मशीनगन बनवली, ती मिनिटाला सहाशेच्या आसपास गोळ्या सोडू लागली. अशा बंदुकीसमोर रांग धरून, निशाण फडकवत चालून जायचं म्हणजे उभं पीक विळ्यापुढे धरायचं. मग उभा राहणारा शिपाई आधी आडवा झाला आणि नंतर जमिनीत उतरला. पहिल्या महायुद्धात युरोपभर माणसं चर खणून महिनोन्महिने चिखलात राहिली, ती यामुळे.

शस्त्रं शोधणाऱ्यांची नावं पुस्तकांत येतात. मला मात्र हे चर खणणाऱ्यांबद्दल बोलावंसं वाटतं, कारण त्यांत आपली माणसं होती. डिसेंबर १९१५मध्ये इराकमधल्या कुत गावात ब्रिटिश-हिंदी फौज अडकली. तीन बाजूंनी टायग्रिस नदी, चौथ्या बाजूला खंदक आणि त्यापलीकडे तुर्क. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. आज बेळगावात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिच्याच या पूर्वज. पावसाळी दिवसांत नदी फुगली आणि खंदकांत पाणी शिरलं. धान्य होतं, पण दळणार कशावर? तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरी आजीचं जातं अजून ओसरीत आहे. वरची तळी एकट्याला उचलत नाही. त्या काळची विमानं म्हणजे कापड आणि लाकूड. तसल्या विमानात बसून कुणीतरी जात्याचा दगड आणला आणि उपाशी शिपायांसाठी खाली सोडला. विमान हे तेव्हा अगदी नवं यंत्र. टेहळणी आणि बॉम्बफेकीसाठी आणलेलं यंत्र तिथं दळणाच्या कामी आलं. शेवटी एप्रिलमध्ये पिठाची पोतीही टाकली. काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती लागली, आणि जी मिळाली ती हजारो तोंडांना कुठली पुरणार? २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं. पकडलेल्या शिपायांना वाळवंटातून पायी नेलं आणि त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत.

खंदकाला तोड म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये रणगाडा आला. त्यानंतर विमानं मोठी झाली, क्षेपणास्त्रं आली, लेसरनं नेम धरणारे बॉम्ब आले. कारगिलमध्ये १९९९ साली टायगर हिलवर आपल्या मिराज विमानांनी ते वापरले. पण त्या कड्यांवर शेवटी पायदळाचा जवानच चढला, हेही विसरून चालणार नाही.

आता खंदकालाही छप्पर लागतं. युक्रेनच्या युद्धात बाजारात मिळणाऱ्या छोट्या ड्रोनला स्फोटक बांधून एकेका शिपायाचा माग काढला जातो. चालवणारा काही किलोमीटर दूर बसून पडद्यावर त्या शिपायाचा चेहरा बघत असतो. ड्रोन अडकावेत म्हणून तिथं रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणली आहेत. सिग्नल जॅम करता येऊ नये म्हणून काही ड्रोन केसासारखी बारीक काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, मागे सोडत उडतात; त्यांचा सिग्नल त्या तारेतूनच जातो. साडेपाचशे वर्षांपूर्वी बेळगावच्या शिबंदीला धोका पायाखालून आला. आता तो डोक्यावरून येतो.

खानापूर, निपाणी, चिकोडी भागात पलटणीत माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. आमच्या शेजारचा एक मुलगा सीमेवर असतो. मागच्या सुट्टीत तो माझ्यासोबत बांधावर भाकरी खात बसला होता. पलीकडच्या उसावर फवारणीचा ड्रोन आला. आता आपल्याकडे ते नेहमीचंच झालंय, पोरं मागनं धावतात. हा मात्र घास हातात तसाच धरून उठला आणि चिंचेखाली बुंध्याला पाठ लावून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, औषध मारतोय तो. बस की."

"माहीत आहे काका," तो म्हणाला.

ड्रोन ओढ्यापलीकडे जाईपर्यंत तो तिथंच उभा होता.